शिक्का नसलेलं पत्र

मालन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या मोबाइलवर माझंच पत्र यायला लागलं.

नीट सांगतो, नाहीतर म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणाल. मी प्रेमानंद सरवदे. लोहाऱ्यातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि सात वर्षांपूर्वी रिटायर झालो. मुलांना इंग्रजी आलं का, असं कुणी विचारलं तर मी विषय बदलतो. पण माझा निकाल कधी पडला नाही. त्यात त्या पत्राचा मोठा वाटा. पत्रलेखनाला पाच मार्क असायचे आणि मी फार आधी हेरलं होतं की सगळ्यांत सोपं शोकपत्र. अभिनंदनाच्या पत्रात कशाबद्दल अभिनंदन ते लिहावं लागतं, सहलीच्या पत्रात सहल लिहावी लागते. शोकपत्रात काहीच लिहावं लागत नाही. बातमी ऐकून अतिशय धक्का बसला, ते फार प्रेमळ होते, मृत्यूपुढे कुणाचं चालत नाही, धीर धरा, त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. पाच वाक्यं, पाच मार्क. आम्ही बौद्ध, आत्मा मानत नाही. पण पेपर तपासणारा मानत असला तर, म्हणून राहू दिला.

नमुन्यात मी आजोबा घातले होते. प्रश्नात आजी, मामा, काका जे कोण गेलं असेल ते आजोबांच्या जागी भरायचं, बाकी एक अक्षर हलवायचं नाही. आठवीपासून पहिल्या तासाला सगळा वर्ग उभा राहून ते पत्र म्हणायचा. अर्थ कुणी विचारला नाही आणि मीही सांगत बसलो नाही.

तर तेच पत्र. जुन्या विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर कुणीतरी बातमी टाकली आणि धडाधड सुरू झालं. कुणी पुण्यात कंपनीत आहे, कुणी तलाठी आहे, कुणाचं धाराशिवला मेडिकल आहे. आजोबांच्या जागी 'वाइफ' भरून प्रत्येकानं पाठवलं. बेचाळीस पत्रं. स्पेलिंगची एकही चूक नाही. तपासायला घेतली असती तर बेचाळीसही जणांना पाचपैकी पाच द्यावे लागले असते. मास्तर म्हणून ऊर भरून यायला पाहिजे होता. मला मोबाइल उचलून मोरीत फेकावासा वाटला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, मग भाषणं झाली. सरांच्या पाठीशी समाज खंबीरपणे उभा आहे, असं चौघांनी सांगितलं. मालनचं नाव दोघांनी घेतलं, त्यातल्या एकानं 'मालतीबाई' म्हटलं. मुलगी प्रीती आठ दिवस राहिली आणि पुण्याला परत गेली. तिची नोकरी, तिचा संसार, मी तिला दोष देत नाही. रोज संध्याकाळी फोन करते. "बाबा, जेवलात का?" म्हणते. मी "हो" म्हणतो. मग दोघंही गप्प बसतो.

सात वाजले की मी टीव्ही लावतो. मालन लावायची. मालिका बघत बघत ती मला गोष्ट सांगायची, आता ही तिच्या जावेवर संशय घेते बघा, आता हा घर सोडणार बघा. मी पेपरच्या आडून "हं" म्हणायचो. आता मी मालिका बघतो आणि कोण कुणाची जाऊ ते मला कळत नाही. विचारायला माणूस नाही. एकटेपणा म्हणजे मोठं काहीतरी असेल अशी माझी समजूत होती. ते एवढंच निघालं, की टीव्हीतली बाई का रडते हे सांगणारं घरात कुणी नाही.

मला फक्त एक वाक्य पाहिजे होतं. मालनबद्दलचं, आणि माझं नसलेलं. कुणीतरी म्हणावं की ती अशी होती, तिनं अमुक केलं. तेवढ्या एका वाक्यासाठी मी दिवसातून दहादा तो मोबाइल उघडत होतो.

तेराव्या-चौदाव्या दिवशी रणधीरचा मेसेज आला. रणधीर मुरुमचा, शेतकऱ्याचा मुलगा. लोहाऱ्यात मामाकडे राहून माझ्याकडे दहावीपर्यंत शिकला, आता मुरुमला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मी उघडलं. तेच पत्र. पण या पठ्ठ्यानं आजोबासुद्धा बदलले नव्हते! आपल्या आजोबांच्या निधनाची बातमी ऐकून अतिशय धक्का बसला, ते फार प्रेमळ होते.

माझे आजोबा जाऊन पन्नास वर्षं झाली. माझ्या डोक्याची शीर उठली. बायको गेली माझी, आणि या माणसाला एक शब्द बदलायचे कष्ट घेता आले नाहीत. एवढ्या दिवसांत कुणावर ओरडलो नव्हतो. म्हटलं, आता याच्यावर ओरडायचं, समोर उभं राहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप पकडली. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तो अर्धा तास मी रणधीरला काय काय बोलायचं त्याची मनात उजळणी केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चालली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं निघालाव, सर?" मी म्हणालो, "मुरुमला, दुखवट्याचं काम आहे." ती हळहळली. काम कुणाच्या दुखवट्याचं, हे तिला सांगत बसलो नाही.

रणधीर दुकानात होता. मला बघून खुर्चीवरून उठला, बाहेर येऊन पाया पडला. मी पायही मागे घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही. मोबाइल त्याच्या समोर धरला.

"हे काय आहे? कोण वारलंय, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे, सर. बाई गेल्या."

"मग इथं आजोबा काय करतायत? बसून बदलायला एक मिनिट नव्हतं तुझ्याकडे?"

गिऱ्हाइकं बघायला लागली. रणधीरनं मान खाली घातली, पण ओशाळलेला काही दिसला नाही. "चूक नाही ती, सर," तो म्हणाला. "मुद्दामच बदललं नाही. घरी चला. आईला तुम्हाला भेटायचंच होतं, तिला आता गुडघ्यानं प्रवास होत नाही."

ओरडायला आलेल्या माणसाला कुणी चहाला चला म्हटलं की त्याचं अर्धं अवसान तिथंच गळतं. मी गेलो.

रणधीरची आई सारजाबाई बाजेवर बसल्या होत्या. साठी ओलांडलेली बाई, कपाळ मोकळं. मला बघताच त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या. मी अवघडलो. माझ्या बायकोसाठी माझ्यासमोर इतकं रडणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"तुमची ओळख होती मालनशी?" मी विचारलं.

"अवो सर, वळख काय म्हनताव! रणधीर, पत्र आन बाबा. सरांना दाव."

रणधीरनं आतून पत्र्याची पेटी आणली. सातबारा, रेशनकार्ड, बँकेची पासबुकं असं सगळं तीत होतं. त्याखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं एक निळं इनलँड पत्र निघालं. अक्षर माझं. सन दोन हजार सहा. रणधीरचे आजोबा आण्णासाहेब वारले तेव्हा मी पाठवलेलं.

हे मी करायचो खरं. वर्गातल्या कुणाच्या घरी कुणी गेलं की मी ते पत्र खऱ्या इनलँडवर लिहायचो, वर्गाला वाचून दाखवायचो, बघा, शिकलेलं असं उपयोगी पडतं, आणि घरी नेऊन मालनला द्यायचो, पोस्टाच्या पेटीत टाक म्हणून. सातवी शिकलेली बाई ती. इनलँड उलटंपालटं करून एकदा म्हणाली होती, "काय लिहिलंय हो ह्यात?" मी म्हणालो होतो, "तुला सांगून काय उपयोग?" आणि पुन्हा वह्या तपासायला लागलो होतो.

सवयीनं मी पत्र उलटं केलं. पत्ता होता, छापील तिकीट होतं, पण त्यावर पोस्टाचा शिक्का नव्हता. लोहाऱ्याचाही नाही आणि मुरुमचाही नाही.

"हे पोस्टानं आलं नाही," मी म्हणालो.

"पोस्टानं कशाला यील? बाई घिऊन आल्या की," सारजाबाई म्हणाल्या.

त्या सांगत होत्या ते ऐकत राहिलो.

"मामंजी जाऊन तिसरा दिस हुता. दुखाच्या घरी चूल पेटत न्हाय, बाया बसलेल्या. दारात एक बाई हुबी राहिली. डोस्क्यावर पदर, हातात फडक्यात बांधल्याल्या भाकरी. म्हनली, म्या लोहाऱ्याची, रणधीरच्या सरांची मंडळी. आता खोटं कशाला बोलू सर, तवा आमच्या घरात तुमच्या माणसांच्या हातचं कुनी खात न्हवतं. भाकरी कोनाड्यात ऱ्हायल्या. तिला का कळलं न्हाय? कळलं. पर ती काय उठून गेली न्हाय. भिंतीला टेकून तासभर गप बसली. आमी बाया आण्णांचं काढून रडत हुतो, ती निस्ती आइकत हुती. मग कनवटीचं पत्र काढलं, म्हनली, सरांनी लिवलंय, वाचून दावते. इंग्रजी कुनाला येतंय घरात? रणधीर चुलत्यासंगं अस्थी घिऊन गेल्याला."

"तिनं वाचलं?" मी विचारलं.

"असं हातात धरून, वळीवर बोट फिरवत. लई झ्याक वाचलं. मला अजून पाठ हाय."

आणि सारजाबाईंनी बाजेवर मांडी नीट घातली, वर्गात उभं केलेल्या मुलीसारख्या समोर बघत म्हणायला लागल्या. "आण्णासाहेब, तुमी सकाळी उठून पयलं पानी बैलाला दावायचा, मग आपलं तोंड धुवायचा. सुनंला तुमी कधी नावानं हाक मारली न्हाय, माय म्हनला. पंगतीत तुमी शेवटाला बसायचा, कुनाला कमी पडू नये म्हनून. असा सासरा ज्या बाईला मिळाला तिनं पोटभर रडून घ्यावं, कुनी तिला गप कर म्हनू नये."

त्या थांबल्या. "तीन दिस मला समदे गप कर, गप कर म्हनत हुते, सर. लेकरांकडं बघ म्हनत हुते. तुमच्या पत्रानं मला रडू दिलं. मग म्याच उठले, कोनाड्यातलं फडकं सोडलं आन तिच्या हातची भाकरी खाल्ली. सासूबाईंनी बी खाल्ली. पयल्यांदा."

मी पत्र उघडलं. आत माझी पाच वाक्यं होती. बैल नव्हता, पंगत नव्हती, माय नव्हती. आण्णासाहेब माणूस कसा होता हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मालन तिथं बसून तासभर ऐकत राहिली आणि त्यांचंच बोलणं तिनं त्यांना परत वाचून दाखवलं, माझ्या नावावर. आम्हाला प्रशिक्षणात दरवर्षी सांगायचे, भाषा शिकवताना आधी ऐकणं, मग बोलणं, वाचणं-लिहिणं त्यानंतर. एकतीस वर्षं मी त्या वर्गांना जाऊन चहा पिऊन आलो. माझ्या घरातली सातवी पास बाई ते करून बसली होती.

"इंग्रजी लई दाट भाषा म्हनायची," सारजाबाई म्हणाल्या. "एवढ्याशा कागदावर केवढं मावलं! म्या बाईंना म्हनलं, एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, घरात किती ग्वाड बोलत आसंल. तर हासल्या. म्हनल्या, ते घरी बोलत न्हाईत फारसं. लिवत्यात."

चहा आला होता. तो तसाच राहिला.

"सर, एकदा तुमच्या तोंडानं वाचा ना," सारजाबाई म्हणाल्या. "लिवनाऱ्याच्या तोंडून आइकू द्या."

मी रणधीरकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. खरं सांगून टाकावं असं एकदा मनात आलं. बाई, यात यातलं काही नाही, हे पाच मार्कांचं आहे. पण त्या पदर सावरून, हात जोडून बसल्या होत्या. मी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागलो. "आण्णासाहेब, तुम्ही सकाळी उठून पहिलं पाणी बैलाला दाखवायचा, मग आपलं तोंड धुवायचा. पंगतीत तुम्ही..."

"माय ऱ्हायलं," सारजाबाई हळूच म्हणाल्या.

"सुनेला तुम्ही माय म्हणालात," मी म्हणालो, आणि पुढचं मला वाचता येईना. बेचाळीस पत्रं वाचून माझ्या डोळ्यांत पाण्याचा थेंब आला नव्हता. त्या परक्या घरात, चुकीच्या माणसाच्या शोकपत्रावर मी हुंदके देऊन रडलो. मला कुणी गप कर म्हणालं नाही.

रणधीर मला जीपपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "मला अकरावीत कळलं, सर. डिक्शनरी घेऊन बसलो होतो. पत्रात काय आहे ते बघितलं आणि बाईंनी काय केलं ते कळलं. आईला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका."

"नाही सांगत."

"बाई गेल्याचं कळलं, तेव्हा बरेच दिवस काय लिहावं तेच सुचेना. मग वाटलं, आजोबांचं ते पत्र बाईंनी आमच्या घरी आणलं, ते त्यांचंच आहे. वाइफ लिहिलं असतं तर ते तुमचं झालं असतं. म्हणून आहे तसं पाठवलं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळी न दिलेला आशीर्वाद होता तो, त्याला कळला असेल.

परतीच्या जीपमध्ये मला एकेक आठवत गेलं. पहाटे भाकरी थापल्याचा आवाज. फडक्याची गाठ. "जाऊन येते," असं ती दारातून म्हणायची. कुठं, हे मी एकदाही विचारलं नाही. दिवेलागणीला परत यायची, पाय धुवायची आणि माझ्या चहाचं आधण ठेवायची. पत्र टाकलंस का, असं मी विचारायचो. "पोचलं," म्हणायची.

घरी आलो. सात वाजता टीव्ही लावला नाही. मोबाइलवर रणधीरचं पत्र काढलं आणि ठरवलं की आपणही वाचायचं, मालन वाचायची तसं, मालनसाठी. रिकाम्या घरात खुर्ची ओढून बसलो. ओळीवर बोट ठेवलं.

"मालन, तू सकाळी उठून पहिलं..."

तिथंच अडलो. सकाळी उठून ती पहिलं काय करायची? छत्तीस वर्षं ती माझ्या आधी उठली. मी उठायचो तेव्हा अंगण झाडलेलं असायचं, पाणी तापलेलं असायचं, चहा समोर यायचा. पहिलं काय आणि मग काय, हे मी कधी बघितलंच नव्हतं. जे वाक्य दुसऱ्यांनी दिलं नाही म्हणून मी पंधरा दिवस सगळ्यांवर चिडलो होतो, ते माझ्याजवळही नव्हतं.

प्रीतीचा फोन आला. "बाबा, जेवलात का?" मी म्हणालो, "नाही गं. तुझी आई सकाळी उठून पहिलं काय करायची?" ती म्हणाली, "माहीत नाही, बाबा. मी झोपलेली असायचे." आणि रडायला लागली. मी तिला गप कर म्हणालो नाही. त्या दिवशी आमचा फोन पाऊण तास चालला.

फोन ठेवल्यावर एक जुनी वही घेतली आणि आठवून आठवून नावं लिहायला बसलो. ज्यांच्या घरी कुणी वारलं होतं आणि मी मालनच्या हातात इनलँड दिलं होतं, ती नावं. एका वर्षी एक, एका वर्षी तीन. उमरग्याकडची दोन, जवळपासच्या खेड्यांतली बरीच, एक पार तेरखेड्याचं. सगळी मिळून अठरा झाली. आणखीही असतील. त्या प्रत्येक घरात ती तासभर तरी भिंतीला टेकून बसली असेल आणि मग काहीतरी बोलली असेल. माझ्याशी तिचं जे बोलणं व्हायचं राहून गेलं, ते तिनं तिथं कुठंकुठं ठेवलंय.

सुरुवात तेरखेड्यापासून करायची. लांब आहे, दोन बस बदलाव्या लागतील. पहिली सकाळी साडेसातला आहे. त्या पत्रात काय होतं, असं मी त्यांना विचारणार आहे.